पाण्यावरची नागमोडी वाट : स्लॅलम वॉटर स्कीइंग

सुट्टीत समुद्रकिनारी किंवा धरणाच्या जलाशयावर गेलेल्या कुटुंबात हल्ली एक दृश्य हमखास दिसते. दूरवर एक मोटरबोट वेगाने जात असते, तिच्या मागे दोरी धरून कोणीतरी पाण्यावरून सरसर घसरत असते आणि किनाऱ्यावर उभी असलेली मुले आईवडिलांचा हात ओढून म्हणतात, ‘‘मलाही हे शिकायचंय!’’ आईला भीती वाटते ती बुडण्याची, वडिलांना चिंता असते ती खर्चाची. दोघांची काळजी रास्त असली, तरी केवळ भीतीपोटी नकार देणे जसे योग्य नाही, तसेच मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून पहिल्या दिसेल त्या बोटवाल्याच्या हाती त्यांना सोपवणेही योग्य नाही. हा खेळ नेमका काय आहे, तो कोणत्या क्रमाने शिकावा आणि त्यासाठी कोणते साहित्य निवडावे, हे आधी समजून घेतले तर निर्णय घेणे सोपे जाते.

सुरुवात एका हट्टी तरुणापासून

वॉटर स्कीइंगचा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. तेथील लेक सिटी या लहानशा गावातल्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाला वाटले, बर्फावरून घसरता येते तर पाण्यावरून का नाही? त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, नंतर बर्फावरच्या स्की वापरल्या. दर वेळी तो पाण्यात आपटला. शेवटी त्याने सुमारे आठ फूट लांबीच्या पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि भावाच्या बोटीमागे पेपिन सरोवरात पुन्हा प्रयत्न सुरू केले. १९२२ च्या जुलै महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात आले, की शरीर मागे झुकवून फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवली तर बोट आपल्याला आपोआप उभे करते. आजही प्रत्येक शिकाऊला पहिला धडा हाच दिला जातो.

गंमत म्हणजे सॅम्युएलसनने या शोधाचे पेटंट घेतले नाही. पुढे तो टर्की पक्षी पाळणारा शेतकरी झाला. १९६३ मध्ये त्याच्या जुन्या फळ्या गावात टांगलेल्या एका बातमीदार महिलेच्या नजरेस पडल्या, तेव्हा कुठे जगाला त्याचे नाव कळले. दरम्यान हा खेळ बराच पुढे गेला होता. १९४६ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवला गेला.

स्लॅलम म्हणजे काय?

‘स्लॅलम’ हा शब्द मूळचा नॉर्वेजियन. उतारावरची वाट असा त्याचा अर्थ. पाण्यावरच्या स्लॅलममध्ये खेळाडू दोन नव्हे, तर एकाच स्कीवर, एकामागे एक पाय ठेवून उभा असतो. स्पर्धेचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. बोट मधल्या सरळ रेषेतून जाते. खेळाडूने प्रवेशाच्या दोन बोयांमधून आत शिरून, आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या दोन बोयांमधून बाहेर पडायचे. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर असतो.

बोटीचा वेग पुरुषांसाठी जास्तीत जास्त ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो. म्हणजे सहाही वळणे सोळा-सतरा सेकंदांत संपवायची! एक फेरी यशस्वी झाली की पुढच्या फेरीला वेग वाढवतात. कमाल वेग गाठल्यावर मात्र दोरी आखूड करत जातात. १८.२५ मीटरपासून सुरू झालेली दोरी उतरत उतरत ११.२५ मीटर झाली, की ती बोयापर्यंत पोचतच नाही. मग खेळाडूला पाण्यावर जवळजवळ आडवे होऊन उरलेले अंतर आपल्या शरीराने आणि हाताने भरून काढावे लागते.

हे वाचून हा केवळ दणकट पुरुषांचा खेळ आहे असे समजू नका. यात ताकदीपेक्षा तोल आणि योग्य वेळ साधणे अधिक महत्त्वाचे. स्लॅलममध्ये अनेकदा जगज्जेतेपद मिळवणारी अमेरिकेची रेजिना जॅक्वेस ही व्यवसायाने औषधतज्ज्ञ आहे. नोकरी सांभाळून तिने हे यश मिळवले आहे.

आधी दोन, मग एक

एकदम एका स्कीवर उभे राहण्याची घाई करू नये. पहिला सराव तर पाण्याबाहेरच होतो. जमिनीवर उकिडवे बसा, दोरीची मूठ दोन्ही हातांनी धरा आणि समोरच्याला दोरी सावकाश ओढायला सांगा. हात सरळ ठेवून, फक्त पायांच्या जोरावर हळूहळू उठा. हे पाच-दहा वेळा केले की पाण्यातली निम्मी धडपड वाचते.

पाण्यात दोन स्की घालून गुडघे छातीशी घ्या, हात सरळ ठेवा, दोरी दोन्ही स्कींच्या मधून जाऊ द्या आणि स्कीची टोके पाण्याबाहेर बोटीच्या दिशेने ठेवा. बोट ओढू लागली की लगेच उभे राहू नका. खुर्चीत बसल्यासारखे राहा, पाणीच तुम्हाला वर उचलेल. नवशिके तीन चुका हमखास करतात : मूठ छातीकडे ओढतात, घाईने उठतात आणि खाली पायांकडे बघतात. मूठ ओढली की दोरी क्षणभर सैल पडते आणि माणूस मागे कोसळतो. म्हणून हात सरळ, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर बोटीवर हे तीन नियम पाठ करा.

दोन स्कींवर तोल साधला, बोटीमागच्या लाटा ओलांडता येऊ लागल्या, की एक स्की काही क्षण पाण्यापासून उचलून पाहा. ज्या पायावर तुम्ही अधिक स्थिर राहता, तो पाय सहसा स्लॅलम स्कीवर पुढे राहतो. आणखी एक सोपी कसोटी आहे. पाय जुळवून उभे राहा आणि कोणाला तरी मागून नकळत हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडेल, तोच बहुधा तुमचा पुढचा पाय. पण कसोट्यांपेक्षा पाण्यातला अनुभव खरा मानावा.

यानंतर ठरलेल्या शांत जागी दुसरी स्की सोडून द्यायची. पाय बुटातून अलगद काढा, काही वेळ तो पाण्यावर टेकवत तोल सांभाळा आणि मग पुढच्या पायामागच्या पट्ट्यात सरकवा. या सगळ्यात वजन उभ्या पायावरच राहू द्या. एका स्कीवर खोल पाण्यातून उठणे ही नंतरची पायरी. तिथे बोटीने एकदम झटका न देता हळूहळू वेग वाढवायला हवा.

वळणे घेताना कमरेत वाकू नका. कंबर मुठीच्या जवळ ठेवा आणि बोटीच्या विरुद्ध दिशेला संपूर्ण शरीराने झुका, म्हणजे स्कीची कड पाणी कापू लागेल. लाटा ओलांडल्यावर कड सोडा, वेग ओसरू द्या, गुडघे मऊ ठेवून वळा. सुरुवातीला बोयांची गरज नाही. मोकळ्या पाण्यात एका लयीत डावी-उजवी वळणे जमली की बोये आपोआप आवाक्यात येतात.

साहित्य कसे निवडाल?

सुरुवातीला विकत काहीच घेऊ नका, केंद्राचेच साहित्य वापरा. खेळात मन रमले तरच खरेदीचा विचार करा.

स्की : स्कीची लांबी उंचीवर नव्हे, तर तुमचे वजन आणि बोटीचा वेग यांवर ठरते. ताशी ४२ ते ४८ किलोमीटर वेगाला साधारणपणे ५७ ते ६८ किलो वजनाच्या व्यक्तीला ६५ इंची, ६८ ते ८० किलोला ६७ इंची आणि त्याहून जड व्यक्तीला ६९ इंची स्की योग्य ठरते. दोन मापांमध्ये घोटाळा झाला तर मोठे माप घ्यावे. नवशिक्यांनी रुंद, सपाट तळाची स्की निवडावी. ती कमी वेगातही वर उचलते. शर्यतीच्या अरुंद, खोलगट तळाच्या कार्बन स्की महाग असतात आणि शिकाऊला उलट त्रासच देतात.

बूट : पुढचा बूट पायाला घट्ट बसला पाहिजे, टाच उचलता कामा नये. मात्र जोरात पडल्यावर पाय त्यातून सुटलाही पाहिजे. नवशिक्यांसाठी मागच्या पायाला पूर्ण बुटाऐवजी नुसता पट्टा असलेली स्की बरी. बूट ओला करून, पाण्यात घालतात तसाच घालून पाहावा.

लाइफ जॅकेट : यात काटकसर नको. फुगवायचे जॅकेट या खेळाला चालत नाही, आपोआप तरंगणारेच हवे. सर्व पट्टे लावल्यावर कोणाला तरी खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप मोठे आहे.

दोरी : पाण्यावर तरंगणारी आणि न ताणणारी हवी. हौशी खेळाडूंची दोरी साधारण २३ मीटर असते. गाठी पडलेली, तंतू सुटलेली दोरी नाकारा. ताणणारी दोरी तुटली तर चाबकासारखी उलटते.

कपडे : नुसत्या पोहण्याच्या पोशाखावर निओप्रीनची आखूड विजार जरूर घालावी. वेगात पडताना पाणी जोराने शरीरात शिरून आतली इजा होऊ शकते. स्त्रियांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गरोदरपणी हा खेळ टाळावा.

सुरक्षिततेत तडजोड नको

या खेळात बुडण्याइतकाच मोठा धोका बोटीच्या पंख्याचा असतो. म्हणून बोटीत चालकाखेरीज दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे. तिचे काम एकच, स्की करणाऱ्यावर सतत नजर ठेवणे. चालकाला मागे वळून पाहावे लागले तर समोरचे कोण पाहणार? पडलेल्या व्यक्तीकडे बोट कधीही मागे चालवत नेऊ नये आणि तिला वर घेताना इंजिन पूर्ण बंद हवे.

हाताच्या खुणा आधीच ठरवा. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरवला तर थांबा आणि डोक्यावर थाप म्हणजे धक्क्याकडे चला. तोल गेला की मूठ ताबडतोब सोडा. पडल्यावर ठीक असल्याची खूण करा आणि एक स्की उभी धरा, म्हणजे इतर बोटींना तुम्ही दिसाल. दोरी हाताला किंवा अंगाला कधीही गुंडाळू नका. पाणी किमान दीड-दोन मीटर खोल असावे आणि दोन्ही बाजूंना तीस मीटरपर्यंत खडक, खांब, पोहणारे कोणी नसावे. पहाटेचे शांत पाणी उत्तम. संध्याकाळी अंधारू लागल्यावर, मद्यपानानंतर किंवा पावसाळ्यातल्या खवळलेल्या, गढूळ पाण्यात हा खेळ नकोच. अंगावर उघडी जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होण्याची भीती असते.

बोटवाल्याला हे विचारा

किनाऱ्यावर ‘वॉटर स्पोर्ट्‌स’ची पाटी लावणारा प्रत्येकजण स्कीइंग शिकवतोच असे नाही. बहुतेक ठिकाणी पाच-दहा मिनिटांची फेरी तेवढी मिळते. पैसे देण्यापूर्वी विचारा : शिकवणारा कोण? चालकाने प्रशिक्षण घेतले आहे का? बोटीत नजर ठेवायला दुसरा माणूस असतो का? मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का? गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. असे प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्या बोटीपासून दूर राहिलेलेच बरे.

मुलांना पोहता येत नसेल तर यंदाच्या सुट्टीत आधी पोहणे शिकवा. लाइफ जॅकेट पोहण्याची जागा घेऊ शकत नाही. पाण्याची भीती गेलेले मूल पडल्यावर घाबरत नाही, मूठ वेळेवर सोडते आणि हसत वर येते. आणि या खेळात पडणे तर ठरलेलेच आहे. पहिल्याच दिवशी उभे राहता आले नाही म्हणून मुलांना चिडवू नका. ज्याने हा खेळ शोधला, त्यालाही पहिल्या प्रयत्नात ते जमले नव्हते.