मन केव्हा खचते

नैराश्याचा आजार अनेकदा एखाद्या आघातानंतर सुरू होतो. पण आघात सोसलेल्या बहुतेक माणसांना तो होत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मानसशास्त्राला दीर्घकाळ पडलेला आहे. येथे नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ दिवसभर मन खिन्न असते किंवा कशातच रस वाटत नाही. जोडीला झोप, भूक आणि एकाग्रता बिघडते, थकवा येतो, आपण कुचकामी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. अशी बरीच लक्षणे एकत्र आली आणि रोजचे व्यवहार अडू लागले, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

ताण मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये केला. त्यांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50. वर्षभरातल्या गुणांची बेरीज जितकी मोठी, तितका आजारपणाचा धोका अधिक, असा त्यामागचा विचार होता. यादी सोपी असल्यामुळे जगभर वापरली गेली. पण तिच्यात माणसाची परिस्थिती कुठेच येत नव्हती. दहा वर्षे वाट पाहिल्यावर राहिलेला गर्भ आणि नवरा तुरुंगात असताना, एका खोलीत तीन मुले सांभाळताना राहिलेला गर्भ, यांना यादीत गुण सारखेच.

ही उणीव लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकारी टिरिल हॅरिस यांनी दूर केली. दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील 458 स्त्रियांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या आणि 1978 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्यांची पद्धत मुळातून पाहण्यासारखी आहे. मुलाखत घेणारी व्यक्ती घडलेला प्रसंग आणि त्या बाईची सगळी परिस्थिती इतर संशोधकांना सांगे; मात्र बाईला त्याचे किती वाईट वाटले आणि ती पुढे आजारी पडली का, हे मुद्दाम सांगितले जात नसे. अशा परिस्थितीत कोणत्याही बाईला हा प्रसंग किती जड गेला असता, हे मग ते सर्व मिळून ठरवत. आजारी माणसाला मागे वळून पाहताना सारेच काळे दिसते, आणि त्या रंगाने निष्कर्ष माखू नयेत यासाठी ही सारी खबरदारी होती.

मुलाखतीआधीच्या वर्षभरात नैराश्य आलेल्या 37 स्त्रियांपैकी 33 जणींच्या वाट्याला आधी गंभीर आघात किंवा मोठी, दीर्घकाळची अडचण आली होती. ज्या आजारी पडल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 30 टक्के होते. पण आघात सोसलेल्या साधारण पाच जणींपैकी एकच कोलमडली. मग बाकीच्या चौघी कशाच्या बळावर तगल्या? चार गोष्टींनी धोका वाढत होता: मन मोकळे करावे असे जवळचे माणूस नसणे, 14 वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले घरात असणे, घराबाहेर नोकरी नसणे आणि वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गमावलेली असणे. यांतली पहिली गोष्ट सर्वांत बोलकी आहे. भेटीगाठी पुष्कळ असूनही विश्वासाचे एक माणूस नसेल, तर तेवढे संरक्षण मिळत नव्हते. लंडनमध्येच झालेल्या पुढच्या अभ्यासात आघाताचे स्वरूपही स्पष्ट झाले. नुसत्या हानीपेक्षा मानहानी आणि कोंडी माणसाला अधिक खचवतात. नवरा वारला हे दुःख मोठेच. पण नवरा सोडून जाऊन दुसरीकडे संसार थाटतो, जाताना चारचौघांत अपमान करतो आणि बाईला त्याच घरात राहण्यावाचून गत्यंतर नसते, तेव्हा धोका कितीतरी वाढतो.

ताणाला माणूस तोंड कसे देतो, याची सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये केली. प्रसंग समोर आला की माणूस दोन गोष्टी जोखतो: यात आपले काय पणाला लागले आहे, आणि आपल्या हातात काय आहे. त्यावरून तो अडचणच सोडवू पाहतो किंवा तिने उठलेल्या भावना सावरू पाहतो. यातला एकच मार्ग श्रेष्ठ ठरवणे चुकीचे आहे. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नसते. तिथे मन सावरणे, गावातल्या चार जणांशी बोलणे हेच करता येते. कर्जाचे पुनर्गठन करून घेणे मात्र प्रयत्नाने साधू शकते, आणि तिथे नुसते मनाचे समाधान करत बसल्याने हप्ता टळत नाही. अर्थात प्रयत्नालाही बँकेत दाद मिळावी लागते. म्हणून एखाद्याला सामना करता आला नाही, हा त्याच्या स्वभावाचा दोष मानणे अन्यायाचे आहे.

एक सवय मात्र बहुतेक ठिकाणी घातक ठरते: तेच ते दुःख मनात घोळवत राहणे. सुझन नोलन-होएक्सेमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती घेतली होती, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 रोजी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. आधीची नोंद हाती असल्याने दुर्मीळ तुलना शक्य झाली. ज्यांना आधीपासून घोळवत बसण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणे अधिक होती.

आघात आणि आजार यांचा संबंध एकेरीही नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो. शिवाय खचलेल्या माणसाचे नातेसंबंध ताणले जातात, काम हातचे जाते. आजारच नवे आघात ओढवून आणतो. आजार वारंवार उलटला, तर पुढे त्याला मोठे निमित्तही लागत नाही. पहिल्याच वेळी उपचार पुरे व्हावेत, यावर डॉक्टर जोर देतात ते यासाठी.

आधाराचा उपयोग उपचार म्हणूनही होतो, याची चांगली साक्ष गोव्यात मिळते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचे रुग्ण बहुधा झोप लागत नाही, अंग दुखते, टेन्शन आहे अशी तक्रार घेऊन येतात. ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. सहा ते आठ भेटींत रुग्णाच्या बंद पडलेल्या गोष्टी थोड्याथोड्या पुन्हा सुरू करून द्यायच्या आणि घरच्या अडचणींवर वाट शोधायची, असे या कामाचे स्वरूप होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर, नेहमीच्या देखभालीसोबत समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के आजारातून बाहेर आले होते; केवळ देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांना घरात सोसावी लागणारी मारहाणही कमी आढळली. अमरावती जिल्ह्यातील गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने असेच काम उभे केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

आजार तीव्र असेल तर समुपदेशनाच्या जोडीला औषधे लागतात, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मध्येच थांबवू नयेत. मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून डॉक्टरांकडे जायला हवे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.