पांढरा चेंडू थांबतो कुठे?

कॅरममध्ये सोंगटी भोकात गेली, की आपण स्ट्रायकर उचलतो आणि आपल्या पट्टीवर पुन्हा हवा तिथे ठेवतो. आधीच्या फटक्यानंतर तो कुठे जाऊन थांबला होता, याची फिकीर करण्याचे कारण नसते. पूल या खेळात ही सवलत नाही. पांढरा चेंडू जिथे थांबेल, तिथूनच पुढचा फटका मारायचा. रंगीत चेंडू मोठ्या ऐटीत खळग्यात घालवला, पण पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूंमागे जाऊन दडला, तर ती ऐट वायाच गेली! म्हणून प्रत्येक फटक्यात दोन प्रश्न असतात. रंगीत चेंडू कुठे जाईल? आणि पांढरा कुठे थांबेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे चेंडूच्या फिरकीत दडलेले आहे.

आधी फिरकी बाजूला ठेवू. कॅरमचा १५ ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर सुमारे ५ ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळला, तर तोही तिच्यामागे थोडा पुढे जातो, कारण तो जड असतो. पूलचे चेंडू मात्र सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचे आणि जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात. फिरकी नसलेला, नुसता घसरत आलेला पांढरा चेंडू समोरासमोर आदळला, की आपला जवळजवळ सर्व संवेग दुसऱ्याला देऊन जागीच थांबतो.

आघात तिरका झाला तर? संवेग टिकून राहतो, म्हणून आघातानंतरच्या दोन्ही वेगांची दिशांसह बेरीज मूळ वेगाइतकी येते. कागदावर या तीन वेगांचा त्रिकोण काढता येईल. ऊर्जाही जवळजवळ टिकून राहते, म्हणून दोन वेगांच्या वर्गांची बेरीज मूळ वेगाच्या वर्गाइतकी भरते. हे तर आपले पायथागोरसचे प्रमेय! त्रिकोण काटकोनी आहे. म्हणजेच दोन चेंडूंच्या वाटांमध्ये ९० अंशांचा कोन होतो.

मग पांढरा चेंडू पुष्कळदा रंगीत चेंडूच्या मागोमाग जाऊन स्वतःच खळग्यात का पडतो? कारण तो घसरत नव्हे, तर घरंगळत आलेला असतो. आघातात त्याचा पुढे जाण्याचा वेग दुसऱ्याला मिळतो, पण स्वतःभोवतीची फिरकी बहुतेक त्याच्याजवळच राहते. क्षणभर थबकलेला पण फिरत असलेला हा चेंडू टेबलाच्या कापडाला मागे रेटतो आणि घर्षण त्याला पुढे ढकलते. गणित केले, तर समोरासमोरच्या आघातानंतर तो मूळ वेगाच्या सुमारे २/७ वेगाने पुढे जातो असे दिसते. फिरकी उलटी असेल, तर तो मागे येतो. आघात तिरका असेल, तर हीच फिरकी त्याची ९० अंशांची वाट वळवते. या वळणाचा आकार अन्वस्त असतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिलियर्ड्सवरील ग्रंथात दाखवले. वाऱ्यांच्या दिशेविषयी शिकताना भूगोलात ज्यांचे नाव येते, तेच हे कोरिऑलिस.

फिरकी द्यायची कशी? क्यूचे टोक चेंडूच्या नेमक्या मध्यावर लागले, तर चेंडू आधी घसरतो. घर्षणामुळे तो हळूहळू फिरू लागतो आणि घरंगळू लागेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ उरतो. टोक टेबलापासून सुमारे ४० मिलिमीटर उंचीवर, म्हणजे व्यासाच्या ७/१० वर लागले, तर तो पहिल्यापासूनच घरंगळतो. मध्याच्या खाली लागले, तर उलटी फिरकी मिळते.

आता सरावाकडे वळू. पांढरा चेंडू, रंगीत चेंडू आणि खळगा एका रेषेत घ्या. दोन चेंडूंत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मध्याच्या किंचित खाली फटका मारून पांढरा चेंडू आघाताच्या जागीच थांबेल असे साधा. मग अंतर ९० सेंटिमीटर करा आणि अगदी तसाच फटका मारा. चेंडू आता थांबणार नाही, पुढे जाईल. हात चुकला का? मुळीच नाही. लांबच्या वाटेत घर्षणाने उलटी फिरकी संपवली आणि सुलटी दिली. आता टोक आणखी खाली लावा किंवा जोर वाढवा. जोर वाढला, की घर्षणाला फिरकी बदलायला वेळच कमी मिळतो.

हे साधले, की टेबलावर वहीचा एक कागद ठेवा आणि पांढरा चेंडू त्यावर थांबवायचा प्रयत्न करा. दर १० फटक्यांत किती वेळा जमले, ते लिहून ठेवा. मात्र अंतर, उंची आणि जोर यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलल्या, तर चेंडू कशामुळे थांबला ते कळणारच नाही. प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू आहे!

पूलचे टेबल नसले तरी अडत नाही. दोन सारख्या गोट्या घ्या. ताणून बसवलेल्या चादरीवर एक गोटी घरंगळत नेऊन दुसरीवर समोरासमोर आदळवा. पहिली क्षणभर अडखळून पुढे निघेल. हाच प्रयोग काचेवर करा. दोन्ही ठिकाणी ती सारख्याच चपळाईने पुढे निघते का? नसेल, तर का? कारण शोधून वहीत लिहा.