पर्समधले पिस्तूल : वजन कमी, जोखीम किती?

नवा मिक्सर घ्यायचा झाला तर आपण चार दुकाने हिंडतो. वॉट किती, भांडी किती, गॅरंटी किती वर्षांची, दुरुस्ती गावात होते का, शेजारणीचा अनुभव काय, हे सगळे विचारून मगच पैसे मोजतो. ज्या वस्तूच्या चापावर बोट दाबले की एका क्षणात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो, ती वस्तू घेताना मात्र "हलकी आहे, पर्समध्ये मावते" एवढ्यावर भागेल का?

प्रश्न काल्पनिक नाही. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी घडलेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्या मुलीला वृत्तपत्रांनी दिलेल्या 'निर्भया' या नावावरून त्याचे नाव ठेवले 'निर्भीक'. दागिन्यांच्या पेटीसारख्या सुबक मखमली पेटीतून ते दिले जात असे. किंमत १,२२,३६० रुपये! त्या वेळच्या भावाने साडेतीन-चार तोळे सोने आले असते. तेव्हापासून "बायकांनी पर्समध्ये पिस्तूल ठेवावे का?" हा विषय हळदीकुंकवापासून लोकलच्या डब्यापर्यंत अधूनमधून निघतोच. तर मैत्रिणींनो, चोखंदळ गिऱ्हाईक म्हणून या वस्तूची एकदा नीट पारख करू या.

हलके म्हणजे चांगलेच का?

'निर्भीक'चे वजन होते सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुडीएवढे. पोलादाऐवजी टायटॅनियमचा मिश्रधातू वापरल्याने हे साधले. टायटॅनियम मजबूत असूनही पोलादापेक्षा बरेच हलके असते. सहा गोळ्या भरल्या की वजनात थोडी भर पडते, तरी एरवीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ते हलकेच. पुढे २०१६ मध्ये इशापूरच्या कारखान्याने 'निडर' काढले. ते अवघ्या २५० ग्रॅमचे, पण त्याची गोळीही त्याहून लहान, पॉइंट बावीसची. २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आले. त्याचे वजन पुन्हा सातशे ग्रॅमच्या आसपास गेले.

आता गंमत पाहा. जड बुडाचे पातेले शेगडीवर स्थिर बसते, हलके पातेले ढवळताना सरकते. शस्त्राचेही तसेच आहे. गोळी पुढे सुटते तेव्हा शस्त्राला मागे झटका बसतो. शस्त्र जड असेल तर ते स्वतःच बराच झटका पचवते. हलके असेल तर तो सरळ आपल्या मनगटात येतो आणि नळीचे तोंड वर उडते. 'निर्भीक'ची पॉइंट बत्तीसची गोळी फार दणकट नसल्याने हा झटका सोसण्याजोगा असतो खरा, पण पहिली गोळी चुकली तर दुसरीचा नेम पुन्हा धरावा लागतोच.

आखूडपणाचेही तेच. नळी जितकी आखूड तितकी नेम धरायची मागची खाच आणि पुढची खूण एकमेकींच्या जवळ येतात. मग हाताची किंचित थरथरही गोळीला भलतीकडे नेते. मूठ लहान असली की करंगळीला जागा उरत नाही. म्हणजे जी वस्तू पर्समध्ये बाळगायला सर्वांत सोयीची, तीच चालवायला सर्वांत अवघड! नवशिक्या हातासाठी लहान शस्त्र सोपे असते, हा समज मनातून काढून टाकलेला बरा.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

बोलण्यात आपण दोन्हींना पिस्तूलच म्हणतो, पण दोन्हींची रचना वेगळी आहे. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते आणि त्याच्या घरांत गोळ्या बसतात. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी समोर येते. यंत्र साधे, शिकायला सोपे. मात्र घोडा आधी मागे ओढून ठेवला नसेल तर चाप लांब आणि जड असतो, ओढायला बोटात चांगलाच जोर लागतो.

पिस्तुलात गोळ्यांचे मॅगझिन मुठीत बसते. ते चपटे असते, जास्त गोळ्या मावतात आणि चाप बहुधा हलका असतो. पण पहिली गोळी नळीत चढवायला वरचा सरकता भाग जोराने मागे ओढून सोडावा लागतो. नाजूक मनगटाला ते जड जाते. शिवाय मॅगझिन काढले तरी एक गोळी नळीत राहू शकते. "रिकामे आहे" म्हणून हाताळलेल्या पिस्तुलाने अपघात होतात ते यामुळेच.

पर्स ही जागा कशी?

दाराशी उभे राहून पर्समधली किल्ली शोधायला आपल्याला किती वेळ लागतो, ते एकदा मनाशी मोजा. रुमाल, सुटे पैसे, गोळ्यांची पाकिटे, केसांच्या पिना, मुलाचे चॉकलेट, आणि तळाशी किल्ली! अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. कमरेच्या म्यानातून शस्त्र काढणाऱ्या, शिकलेल्या पोलिसालाही ही वेळ जेमतेम पुरते. मग खांद्यावरच्या चेन लावलेल्या पर्सचे काय? आणि चोराचा पहिला हात पडतो तो पर्सवरच. पर्स गेली की भरलेले शस्त्रही त्याच्याच हाती गेले.

याहून मोठी चिंता घरातली आहे. आईच्या पर्समध्ये हात घालण्याचा हक्क मुलांना न मागता मिळालेला असतो. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात एक तरुण आई मुलांसह दुकानात गेली होती. शस्त्र ठेवण्यासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली तिची पर्स सामानाच्या ढकलगाडीत होती. दोन वर्षांच्या मुलाने कप्पा उघडला, आतले पिस्तूल त्याच्या हातात आले, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पर्स खास त्यासाठीच बनवलेली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय असे शस्त्र बाळगता येत नाही. वय किमान २१ पूर्ण हवे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे. शस्त्र कशासाठी हवे याचे कारण द्यावे लागते, पोलिस चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. एवढे करूनही परवाना मिळेलच असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीत झाली.

परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. यजमानांच्या नावाचे शस्त्र "आज उशीर होणार आहे, घेऊन जा" म्हणून बायकोने पर्समध्ये टाकायचे नसते. निवडणुकीच्या काळात आदेश आला तर शस्त्र पोलिसांत जमाही करावे लागते.

आणि गोळी झाडल्यावर काय? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवावरचा हल्ला, बलात्काराचा वा अपहरणाचा प्रयत्न, अॅसिडहल्ला अशा वेळी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क मान्य होतो. पण बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या पाकीटमाराच्या पाठीत गोळी घालणे हे स्वसंरक्षण नव्हे. हा सगळा हिशेब त्या दीड सेकंदात करायचा असतो!

भय नेमके कुणाचे?

आता पारखीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ही वस्तू ज्या कामासाठी घ्यायची ते काम आपल्या आयुष्यात नेमके कुठले? पर्समधल्या शस्त्राची जाहिरात डोळ्यांसमोर अंधारा रस्ता आणि अनोळखी पुरुष उभा करते. तो धोका खोटा नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे वेगळेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा होता.

ओळखीच्या माणसासमोर पर्स बाजूला ठेवलेली असते. घरात तर ती खुंटीला असते, आणि तिच्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारझोड होणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला: मारझोड करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक लागण्याजोगी असेल, तर त्या स्त्रीची हत्या होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. संरक्षणासाठी आणलेली वस्तू कुणाच्या हातात जाईल, हे ती आणणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसते. घरात रागावणारा हात कुणाचा आहे, यावर असते. मणिपूरमध्ये बंदुकीने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी 'निर्भीक'ला कडाडून विरोध केला होता. बंदुकीची झळ जवळून पाहिलेल्या बाईचे मत म्हणून ते ऐकण्यासारखे आहे.

घरात शस्त्र असेलच तर

शेतीवाडीमुळे, सराफीमुळे, यजमानांच्या नोकरीमुळे काही घरांत परवान्याचे शस्त्र असते. तिथे गृहिणीने एवढे पाहावेच :

१. शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे. गोळ्या दुसऱ्या कुलपात. कपाटात साड्यांखाली किंवा गादीखाली ठेवणे म्हणजे ठेवणे नव्हे. मुलांना त्या जागा आपल्याआधी ठाऊक असतात.

२. किल्ल्या नेहमीच्या जुडग्यात नकोत.

३. शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजावे. तोंड कुणाकडेही करू नये, गमतीनेसुद्धा. बोट चापाबाहेर ठेवावे.

४. आपल्याला वापरायचे नसले तरी ते सुरक्षित कसे ठेवतात, हे जाणकाराकडून समजून घ्यावे.

५. घरात कुणी दारू पिऊन त्रास देत असेल, कुणी फार खचलेले असेल, तर शस्त्र घरात राहू देऊ नये. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालील नियमांत, हिंसेत वापरलेले शस्त्र न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने घरातून जप्त करवण्यास संरक्षण अधिकारी मदत करतात.

६. शस्त्र हरवले वा चोरीस गेले तर ताबडतोब पोलिसांत कळवावे.

मग पर्समध्ये काय ठेवावे?

मिरपुडीच्या फवाऱ्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. तो काही मीटरपर्यंत पोचतो, किंमत काही शे रुपये. मात्र मुदत संपलेली नाही ना ते पाहावे, वाऱ्याची दिशा ध्यानात घ्यावी, आणि तो पर्सच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. मुलांपासून तोही दूरच. फोनवर ११२ हा तातडीचा आणि १८१ हा महिला मदतीचा क्रमांक साठवून ठेवावा. आपल्या फोनमध्ये कुठले बटण किती वेळा दाबले की तातडीचा फोन लागतो, हे आजच बघून ठेवावे. वेळ आल्यावर शोधत बसू नये. रात्री येताना रिक्षाचा क्रमांक घरी कळवणे, जोरात ओरडणे, उजेडाकडे पळणे, यात कमीपणा कसला?

एवढे सगळे तपासूनही एखादीला खरोखरच शस्त्राची गरज असेल. कुणाला जिवाची धमकी असते, कुणी एकटी दूरच्या शेतावर राहते. तिने ते जरूर रीतसर परवाना काढून घ्यावे, पण आधी रायफल क्लबमध्ये जाऊन निरनिराळी शस्त्रे हातात धरून, चालवून पाहावीत. वर्षभर सराव करायची तयारी नसेल तर पैसे मोजू नयेत. आणि घेण्याआधी स्वतःला शेवटचा प्रश्न विचारावा. तो पेटी किती सुबक आहे किंवा वजन किती आहे हा नव्हे. माझ्या घरात हे ज्या दिवशी माझ्या हातात नसेल, त्या दिवशी ते कुणाच्या हातात असेल? याचे उत्तर निःशंकपणे देता येत नसेल, तर तेवढ्या पैशांचे सोने घ्यावे. ते चुकून कुणावर सुटत तरी नाही!