अनंताची पिवळी पाने आणि रंगाऱ्याचा हिराकस

कोकणातून आणलेले अनंताचे रोप पहिल्या वर्षी घर सुगंधाने भरते आणि दुसऱ्या वर्षी पिवळे पडून जाते. मालेगाव, धुळे, सोलापूरकडील ज्या बांधवांनी अंगणात अनंत लावला, त्यांना हा तजुर्बा असेल. आमची दोन रोपे अशीच गेली. दुकानदाराने युरिया दिला, मग औषध दिले. पैसे गेले, रोपही गेले.

रोग नव्हताच. अनंत हे मूळचे दक्षिण चीन आणि जपानकडचे, बारमाही हिरवे पण नाजूक झुडूप. त्याला आंबट माती लागते. कोकणची तांबडी माती तशी असते; आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी, बोअरच्या पाण्यातही क्षार. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची भूक समजावी. खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळाले तर काळजी नको.

मातीची परीक्षा सोपी आहे. कोरड्या मातीवर थोडा सिरका टाकावा. फेस आला तर चुना आहे. अशा जमिनीत खड्डा न करता मोठ्या कुंडीत तांबडी माती व चांगले कुजलेले शेणखत घालून रोप लावावे. सकाळचे ऊन मिळेल व दुपारच्या गरम वाऱ्याला आड होईल अशी जागा हवी. गरम वारा लागला किंवा पाण्याचा नेम चुकला की कळ्या गळतात. चुना लावलेल्या भिंतीवरून ओघळणारे पाणीही कुंडीत पडू देऊ नये. पावसाचे पाणी साठवता आले तर सर्वांत उत्तम.

आता हिराकस. हिरड्याबरोबर काळा रंग धरण्यासाठी आपले रंगारी तो वापरत आले आहेत, म्हणून हा जिन्नस ओळखीचा आहे. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर फवारावा. पंधरा दिवसांनी पुन्हा, नवी पाने हिरवी येईपर्यंत. नुसता चुन्याच्या मातीत टाकला तर तोही अडकून पडतो. घेताना फिकट हिरवा घ्यावा. तांबूस झालेला जुना माल टाळावा. निळे मोरचूद चुकूनही नको. कपड्यावर थेंब पडला तर गंजाचा डाग बसतो, हे कापडवाल्यांना सांगायला नको!

एकेरी फुलाच्या अनंताच्या फळापासून चीन-जपानमध्ये पिवळा रंग काढतात. आपल्या अंगणातला दुहेरी फुलाचा अनंत सहसा फळत नाही, तेव्हा तो हिशेब सोडावा. फायदा रोपांत आहे. पावसाळ्यात चार-पाच इंचांच्या अर्धवट पक्क्या फांद्या सावलीत प्लास्टिकखाली लावल्या तर एक-दोन महिन्यांत मुळे धरतात. घरच्या स्त्रियांना हे काम सहज जमते. मात्र रोप विकताना गिऱ्हाइकाकडे पाणी कुठले ते विचारावे, आणि बोअरचे असेल तर हिराकसाची पुडी सोबत द्यावी.