नदीकाठची मोकळी जागा : हैदराबादच्या उद्यानांचा धडा

नदीकाठी वसलेल्या गावाला दोन गोष्टी निसर्गतःच लाभलेल्या असतात : पाणी आणि मोकळा काठ. पाण्याची काळजी गाव आपणहून घेते. काठाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. तेथे प्रथम कचरा पडतो, मग भराव होतो आणि कालांतराने दुकाने व घरे उभी राहतात. लहान नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकात उद्यान ही शेवटची बाब असते. रस्ते, गटारे, दिवे यांतून काही उरले तर बाग, असा सर्वसाधारण समज आहे. नदीकाठच्या नगरांपुरता तरी हा समज अपुरा असल्याचे हैदराबाद शहराच्या इतिहासावरून दिसून येते.

हैदराबाद हे आज तेलंगण राज्याच्या राजधानीचे महानगर असले, तरी ते ज्या मुसी नदीच्या काठी वसले ती नदी मोठी नाही. विकाराबादजवळच्या अनंतगिरी टेकड्यांत उगम पावून ती पुढे नळगोंडा जिल्ह्यात कृष्णेस मिळते. उन्हाळ्यात क्षीण होणारी व पावसाळ्यात एकाएकी फुगणारी अशी नदी महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावांना परिचित आहे. शिवाय मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकास परका नाही.

१९०८ चा महापूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या पुराने हैदराबादच्या दोन्ही काठांवरील दाट वस्त्या वाहून नेल्या. मृतांची संख्या सुमारे १५,००० मानली जाते. हजारो घरे जमीनदोस्त झाली. अतिवृष्टी हे पुराचे एक कारण होते. नदीच्या पाणलोट क्षेत्रातील दोनशेहून अधिक लहानमोठे तलाव एकामागून एक फुटल्याने पाण्याचा लोंढा अधिकच वाढला. वस्ती पार नदीच्या पात्रापर्यंत सरकली असल्याने पाण्यास पसरण्यास जागा उरली नव्हती, आणि माणसांस पळून जाण्यासही नव्हती.

या प्रलयातील एक गोष्ट हैदराबादेत आजही सांगितली जाते. अफझलगंज भागातील बागेत एक जुने चिंचेचे झाड होते. पाणी चढू लागताच लोकांनी त्याच्या फांद्यांचा आश्रय घेतला व सुमारे १५० माणसे वाचली. हा वृक्ष उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असून दरवर्षी २८ सप्टेंबरला नागरिक तेथे जमून मृतांचे स्मरण करीत आले आहेत. पक्क्या भिंतींची घरे कोसळत असता बागेतील एका झाडाने दीडशे जीव तारले, ही घटना नदीकाठच्या प्रत्येक गावाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विश्वेश्वरय्या यांची योजना

पुरानंतर हैदराबाद संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना पुण्याजवळील खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे अभियंता म्हणून महाराष्ट्रास ते परिचित आहेत. १९०९ मध्ये त्यांनी पाहणी केली. केवळ शहरात भिंती बांधून पूर आवरणार नाही, वरच्या अंगासच पाणी अडविले पाहिजे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्याप्रमाणे मुसी नदीवर उस्मानसागर (१९२०) व तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे पूर्ण झाली. पुढे या जलाशयांनी शहरास पिण्याचे पाणीही पुरविले.

योजनेचा दुसरा भाग शहरातील काठाचा होता. काठ उंच व मजबूत करावेत आणि त्यांच्या कडेने रस्ते व उद्याने राखावीत, असा तो विचार होता. १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. नदीच्या दोन्ही बाजूंस उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या व त्यांच्या समोरील काठावर बागा करण्यात आल्या. पूरनिवारण आणि लोकांचा विरंगुळा ही दोन वेगळी खाती न मानता एकाच कामाची दोन अंगे मानली गेली, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

बाग पुरात काय काम करते ?

नदीला वर्षाचे अकरा महिने पुरेल असे पात्र असते. उरलेल्या काही दिवसांसाठी तिला पात्राबाहेरची जागा लागते. ती जागा मोकळी असल्यास पाणी आडवे पसरते, त्याची उंची व वेग कमी होतो आणि खालच्या वस्तीवरील ताण हलका होतो. तीच जागा भराव घालून उंच केली, तर तेवढेच पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात शिरते. घरात कमरेइतके पाणी आले तर संसार उद्ध्वस्त होतो. हिरवळीवर तेवढेच पाणी आले तर चार दिवसांत गाळ काढून बाग पुन्हा खुली करता येते.

याच तत्त्वावर महाराष्ट्रात पूररेषा आखल्या जातात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असून ती जागा उद्याने, क्रीडांगणे व शेती अशा खुल्या वापरासाठी असते. म्हणजे गावाला ज्या जागेवर घरे बांधता येत नाहीत, तीच जागा बागेस सर्वांत योग्य ठरते.

हैदराबादचे दोन इशारे

हैदराबादच्या अनुभवात अनुकरणीय भाग आहे, तसे इशारेही आहेत. पहिला इशारा विस्मरणाचा. धरणे झाल्यावर शहरातील पात्र बहुतेक काळ कोरडे राहू लागले आणि पुराची भीती मावळली. परिणामी पात्रात व काठावर बांधकामे वाढली. इमलीबन या नावातच चिंचेच्या बनाची आठवण आहे. त्या नदीपात्रातील जागेवर १९९४ साली शहराचे मध्यवर्ती बसस्थानक उभारण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या धरणांतून मोठा विसर्ग होताच त्याच स्थानकात पाणी शिरले व प्रवाशांची सुटका करावी लागली. धरण पुराची तीव्रता कमी करते, परंतु नदीचा काठावरील हक्क संपवीत नाही.

दुसरा इशारा सांडपाण्याचा. वरचे पाणी अडविल्यानंतर शहरातील मुसी प्रामुख्याने सांडपाणी वाहून नेऊ लागली. दुर्गंधी येणाऱ्या नदीकाठी कितीही सुंदर बाग केली तरी तेथे कोणी बसत नाही. मग देखभाल थांबते आणि ओसाड जागेवर पुन्हा अतिक्रमण होते. नदी स्वच्छ करणे हे म्हणूनच नदीकाठच्या उद्यानाचे पहिले काम होय. एकदा काठावर गरीब कुटुंबे वसली की त्यांना हलविणे क्लेशकारक ठरते. २०२४ मध्ये मुसीकाठची घरे हटविण्याचे काम हाती घेतले गेले तेव्हा हाच पेच उभा राहिला. जागा आरंभीच मोकळी राखली, तर कोणाचेही घर मोडावे लागत नाही.

एकाच जागेचे अनेक उपयोग

हैदराबादेतील नामपल्लीचे सार्वजनिक उद्यान, म्हणजे बाग-ए-आम, आणखी एक गोष्ट शिकविते. त्याच्या परिसरात पुराणवस्तू संग्रहालय, जुबिली सभागृह व मुलांसाठी जवाहर बालभवन आहे. केवळ फुलझाडे पाहण्यास माणूस वर्षातून दोनदा येतो, पण वाचनालय, खेळ आणि बालभवन यांसाठी तो रोज येतो. जेथे माणसांचा वावर असतो ती बाग राखली जाते.

लहान नगरास संग्रहालय परवडणार नाही. परंतु चालण्याची वाट, मुलांचे खेळ, कबड्डी व खो-खोचे मैदान, वृद्धांसाठी पार आणि स्वच्छतागृह एवढे कोणत्याही नगरपरिषदेस शक्य आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत. वाचनालय, स्वच्छतागृह व विजेची पेटी पूररेषेबाहेर उंच जागी असावी. प्रवाहाला आडवी भिंत घालू नये. बाके दगडाची व खेळांची साधने पक्की रोवलेली असावीत. झाडे करंज, जांभूळ, चिंच अशी स्थानिक असावीत. दिवाबत्ती पुरेशी असावी, म्हणजे स्त्रियांना संध्याकाळीही निःशंकपणे येता येईल. पुराचा इशारा मिळताच बाग रिकामी करण्याची जबाबदारी कोणावर, हे आधीच ठरलेले असावे.

कायदा आणि कर्तव्य

उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हा विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांमध्ये नमूद आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत अशा जागा आरक्षित करता येतात. तथापि आरक्षण नकाशावर दाखविले म्हणजे काम संपले असे नाही. अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन न झाल्यास मालकास सूचना देता येते, आणि त्यानंतरच्या मुदतीतही कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. बागेची जागा अशा रीतीने कागदावरच हातची जाऊ शकते. सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी आरक्षित जागांच्या मुदतींची यादी दरवर्षी तपासणे त्यासाठी अगत्याचे आहे.

शिक्षकांनाही यात मोठे कार्य करता येईल. मागील पुराचे पाणी कोठवर आले होते हे गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. विद्यार्थ्यांकडून त्या खुणा शोधून घेऊन शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढता येईल. तो नकाशा पाहिलेली पिढी काठावर भराव पडू लागला तर प्रश्न विचारील. ग्रामस्थांनी काठावर कचरा टाकू नये, सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडू देऊ नये आणि गावाच्या सभेत उद्यानाचा विषय हौसेचा म्हणून मागे टाकू नये. मुलांना खेळायला आणि पुराला पसरायला लागणारी जागा नदीकाठच्या गावात एकच असते. ती एकदा गेली की परत मिळविणे फार कठीण असते, म्हणून ती आज मोकळी आहे तोवरच राखली पाहिजे.