अरे, आवाज कुणाचा... प्रीअँपचा!

घरात नवा साउंडबार आला की जुनी म्युझिक सिस्टिम कुठे जाते? भंगारात? छे! गावाला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून रिटायर झालेला सोफा, टीव्ही, मिक्सर आणि हाय-फाय, सगळ्यांचा शेवटचा स्टॉप म्हणजे कोकणातलं घर. मग दापोली तालुक्यातल्या केळशीसारख्या गावात, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या कौलारू घरात बाबांच्या काळातला कॉस्मिक किंवा सोनोडाइनचा अँप, एक टर्नटेबल आणि दोन दांडगे स्पीकर असा संसार नव्याने मांडला जातो. लाँग वीकेंडला तुम्ही तिथे पोचता. लॅपटॉप बंद, समुद्राची गाज, हातात कोकम सरबत. झक्कास मूडमध्ये गाणं लावता आणि... कुठेतरी करकर, मागे सतत एक घूंऽऽ, एक स्पीकर मधूनच मुका.

हुशार मित्राचा सल्ला लगेच येतो, 'प्रीअँप बदल!' बोनस नुकताच झालेला असतो, नेटवर चकाचक फोटो असतात आणि किमती काय, चार आकड्यांपासून सहा आकड्यांपर्यंत म्हणाल तिथे. पण कार्ड बाहेर काढण्याआधी जरा दम धरा. या तक्रारींपैकी बऱ्याचशा तक्रारींशी प्रीअँपच्या दर्जाचा काहीही संबंध नसतो.

प्रीअँप म्हणजे सिस्टिमचा रिसेप्शनिस्ट. सीडी, फोन, टर्नटेबल यांपैकी कुणाला आत सोडायचं ते ठरवायचं, आवाज कमी-जास्त करायचा आणि सिग्नल पुढे पॉवर अँपकडे पाठवायचा. स्पीकर हलवण्याचं अंगमेहनतीचं काम पॉवर अँपचं. इंटिग्रेटेड अँप म्हणजे हे दोघं एकाच डब्यात. आता गंमत बघा. सीडी प्लेयर किंवा हल्लीचा डॅक साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. बहुतेक पॉवर अँपना पूर्ण ताकदीने वाजायला एक ते दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे नावात अँप्लिफायर असलेला हा प्राणी बहुतेक वेळ सिग्नल वाढवत नाहीच, कमी करत असतो!

तुमच्या घरची परिस्थिती तपासायला मीटरसुद्धा लागत नाही. व्हॉल्यूमचा नॉब घड्याळासारखा वाचा. नऊ वाजायच्या आतच घरातले कानावर हात ठेवत असतील, तर जास्त गेनचा प्रीअँप घेऊन तुम्ही फक्त तो नॉब आणखी निरुपयोगी करणार. नॉबच्या अगदी सुरुवातीला डाव्या-उजव्या बाजूचा आवाजही नीट जुळत नाही, हा त्यातला आणखी एक त्रास.

खारं वारं, जांभा दगड

मग करकर कसली? केळशीच्या हवेची! किनाऱ्यावरचं खारं, दमट वारं उघड्या धातूचं मातेरं करतं, मग ते खिडकीचं गज असो की अँपच्या मागचं सॉकेट. व्हॉल्यूम पॉट, सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट, आरसीए पिना, सगळ्यांवर थर बसतो. वर्षातून पंधरा दिवस वापरायची सिस्टिम असेल तर जास्तच, कारण नॉब फिरला तरच कॉन्टॅक्ट घासले जातात. तेव्हा आधी मेनचा प्लग काढा, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा (खोबरेल तेल नाही, प्लीज!) आणि नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. पिना काढून पुसून परत बसवा. मुका स्पीकर अनेकदा एवढ्यावरच बोलायला लागतो. क्लीनर मारूनही करकर जात नसेल तर आतला एखादा कपॅसिटर गळत असण्याची शक्यता आहे, आणि ते काम रिपेअरवाल्याचं.

घूंऽऽची चौकशी वेगळी. व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं तेवढीच राहिली, तर तिचं मूळ व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, पॉवर अँपमध्ये किंवा सप्लायमध्ये. नॉबबरोबर ती वाढत असेल तर दोष मागच्या बाजूला. फक्त टर्नटेबल लावल्यावर येत असेल, तर त्याची बारीक अर्थिंगची तार अँपच्या स्क्रूला नीट लागली आहे का ते आधी पाहा.

आणि घराचं अर्थिंग? जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी काहीच जोडलेलं नसतं. त्यात जांभ्याची जमीन. पावसाचं पाणी तिच्यातून भराभर खाली जातं आणि एप्रिल-मेमध्ये ती ठणठणीत कोरडी पडते. कोरड्या जमिनीतलं अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. घूं घालवायला प्लगची अर्थची पिन तोडायचा जुगाड मात्र चुकूनही करू नका. अँपच्या लोखंडी डब्यात करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवरची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इन्व्हर्टरचं महत्त्व तेव्हा सगळ्यांनाच पटलं. पण स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँपचा ट्रान्सफॉर्मर हमखास गुरगुरतो. दिव्या-पंख्याला तो चालेल, गाण्यासाठी साइन वेव्हचाच हवा. प्रीअँपच्या बजेटमधले पैसे इथे गेले तर सत्कारणी लागले समजा.

तरीही घ्यायचाच असेल तर

एवढं सगळं करूनही अपग्रेडला खरी कारणं उरतात, आणि त्यातली दोन कोकणातल्या घरात भेटतात.

पहिलं म्हणजे अंतर. सिस्टिम माजघरात, ऐकणारे पडवीत, त्यामुळे दुसरा पॉवर अँप आणि स्पीकर बाहेर. मध्ये दहा मीटर वायर. सध्या पॅसिव्ह प्रीअँपची फॅशन आहे. आत फक्त एक पॉट आणि स्विच, वीज लागत नाही, स्वस्त आणि स्वच्छ. अर्ध्या मीटरच्या वायरवर तो भन्नाट वाजतो. पण शिल्डेड वायरीत मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. ५० किलोओहमचा पॉट आणि दहा मीटर वायर असा जोड जमवला, तर १२-१३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज उतरू लागतो. झांजा आणि घुंगरांची चमक गेली! १० किलोओहमचा पॉट असेल तर ही मर्यादा ६० किलोहर्ट्झच्या पुढे सरकते, म्हणजे कानाच्या पल्ल्याबाहेर. लांब वायर असेल तर सरळ कमी आउटपुट इम्पिडन्सचा, विजेवर चालणारा प्रीअँप घ्या. पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या किमान दहापट असावा, हा सोपा हिशोब.

दुसरं कारण, तबकड्या. इथे प्रीअँप खरंच घाम गाळतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. त्याला सुमारे शंभरपट वाढवायचं, वर तबकडी कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज आणि मुद्दाम वाढवलेली वरची पट्टी परत जागेवर आणायची. या उलट्या हिशोबाला आरआयएए कर्व्ह म्हणतात. दोन्ही टोकांना हा फरक जवळपास २० डेसिबलचा असतो, त्यामुळे फोनो स्टेज सुमार असेल तर वसंतराव देशपांड्यांची तान आणि तबल्याचा बायाँ, दोघांचंही नुकसान. पैसे टाकायचेच तर इथे टाका.

पण त्याआधी सुई आणि कार्ट्रिज कुठलं आहे ते बघा. जुन्या रेकॉर्ड प्लेयरना बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते काहीशे मिलिव्होल्ट देतं, त्याला फोनो प्रीअँप लागतच नाही. लावलात तर आवाज फाटेल. आणि आजोबांच्या पेटीत बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्या असतील तर एलपीची सुई त्यांना लावू नका. ७८ची चर जवळपास तिप्पट रुंद असते, आणि आरआयएए हे १९५०च्या दशकातलं स्टँडर्ड असल्याने तो हिशोबही त्यांना लागू होत नाही. बदलता येणारा इक्वलायझेशन असलेला फोनो प्रीअँप मिळतो. ज्यांच्याकडे असा खजिना आहे त्यांच्यासाठी तो खर्च वाजवी, बाकीच्यांसाठी चैन.

विकत घ्यायच्या आधी मित्राचा प्रीअँप दोन दिवस उसना आणा. अँपमागे प्रीआउट-मेनइन अशी सॉकेट आणि त्यात यू आकाराचे जोड असतील (१९७८ च्या प्रसिद्ध एनएडी ३०२० ला होते), तर जोड काढून तुलना चुटकीसरशी होते. फक्त प्रत्येक वेळी अँप बंद करून! आवाजाची पातळी मात्र मल्टिमीटरने जुळवा. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो आणि सेल्समनला हे पक्कं ठाऊक असतं. मग ताईला डोळे मिटून बसवा.

"ताई, आता कुठला? पहिला की दुसरा?"

"अरे, दोन्ही सारखेच वाटतायत मला. तू चहा टाक आधी!"

पाच-सहा वेळा हेच उत्तर आलं तर पैसे वाचले.

फरक पडलाच, तर लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत जाताना एकच प्रश्न पक्का ठेवा. बिघडला तर गावाजवळ दुरुस्त होईल का? एनई५५३२ सारखा कुठेही मिळणारा ऑपअँप, तोही सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेला, सोन्याचा मुलामा दिलेली आरसीए सॉकेट आणि बदलता येणारा स्टँडर्ड पॉट, एवढं असेल तर किनाऱ्यावर तो टिकेल. व्हॉल्व्हचा प्रीअँप दिसतो जाम रोमँटिक, पण आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. रोज वापरणारं घरात कुणी नसेल तर तो शहरातच बरा.

आणि मेअखेरीस केळशीहून निघताना नुसती बटणं बंद करून भागणार नाही. वळवाच्या विजा सुरू झालेल्या असतात, सगळे प्लग भिंतीतून काढा. टर्नटेबलवर झाकण घाला आणि तबकड्या उभ्या, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात अधेमधे कुणी घर उघडणार असेल, तर त्यांना अर्धा तास गाणं लावायला सांगा.