हिवाळ्यानंतर उघडे पडणारे माळ

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. या यात्रेच्या सुमारास शहापूर व मुरबाडचे माळ पिवळे पडू लागतात आणि होळीपर्यंत जागोजागी उघडी, तांबडी जमीन दिसू लागते. चैत्र-वैशाखात वैरण संपली म्हणजे शेतकऱ्यास पेंढा विकत घ्यावा लागतो, नाही तर नांगराचा बैल विकावा लागतो. ज्या भागातून पूर्वी मुंबईच्या तबेल्यांना गवताच्या गाड्या जात, त्या भागात ही स्थिती यावी हे शोचनीय होय.

वाळलेले गवत म्हणजे मेलेले गवत नव्हे. मारवेल, पवन्या, शेडा व डोंगरी ही बहुवर्षायु गवते होत. त्यांची पाती वाळली तरी बुडखा जिवंत राहतो. ठोंब हाताने ओढून पाहावा. तो घट्ट राहिला व आतील मुळे चिवट असली, तर त्या जागेस फक्त विश्रांती हवी. ठोंब सहज उपटून आला, तरच तेथे नवी लागवड करावी.

माळ उघडा पडण्याची मुख्य कारणे दोन: वणवा आणि अनिर्बंध चराई. जाळल्याने गवत चांगले फुटते असा समज आहे. जळालेल्या माळावर कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरे. परंतु ते मुळांतील साठ्यावर फुटतात. गुरांनी ते लगेच खाल्ले म्हणजे ठोंब क्षीण होतो. कुसळीचे बी मात्र आपल्या पिळदार कुसळाच्या योगे जमिनीत शिरते व आगीतून वाचते. म्हणून वरचेवर जळणाऱ्या माळावर चांगली गवते कमी होऊन कुसळी माजते आणि तिची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात.

यासाठी माघातच माळाच्या कडेने सुमारे ३ मीटर रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी करावी. माळाशेजारी राब भाजावयाचा झाल्यास वारा पडलेला असताना, पहाटे, चार माणसे व ओले डहाळे जवळ ठेवूनच भाजावा.

उन्हाळ्यात घाणेरी व रानमोडी मुळासकट खणून काढावी. उतारावर समतल चर काढावेत. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या जागेवरील माती तो प्रथम वाहून नेतो.

पेरणीसाठी मागील वर्षी जमविलेले बी घ्यावे. ताजे बी नीट उगवत नाही. हेक्टरी ५ ते ६ किलो बी ओली माती व शेणखत यांत मिसळून त्याच्या लहान गोळ्या कराव्यात व मृगाच्या आरंभी उघड्या जागी टाकाव्यात. मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब पाऊस स्थिरावल्यावर लावावेत. स्टायलोचे बी वाळूत घासून सोबत पेरल्यास वैरणीचा कस वाढतो. गवत रुजल्यावर पावसाची उघडीप पाहून हेक्टरी सुमारे २० किलो नत्र, म्हणजे ४३ किलो युरिया, दोन हप्त्यांत द्यावा.

पहिल्या वर्षी या जागेत गुरे सोडू नयेत. गवत फुलोऱ्यावर येताच तीन बोटे बुडखा ठेवून कापावे व बियासाठी एक पट्टी राखावी. भातकापणीच्या घाईत हे काम मागे पडते आणि पक्व गवताचा कस उतरतो.

एकट्याने माळ राखला व भात निघाल्यावर इतरांची गुरे मोकाट सुटली, तर सर्व श्रम व्यर्थ जातात. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेपुढे मांडावा. गुरचरणाचे चार भाग पाडून दरवर्षी एक भाग बंद ठेवावा आणि तेथील कापलेले गवत गुरांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावे. बंद ठेवलेला भाग आपलाही आहे हे ज्यास पटले, तो तेथे आपले गुरू सोडणार नाही.